हिस्सा आहे, मग आवाजही हवा

नाशिक येथील युवा अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'गुंतवणूकदारांचे हक्क' असा छापला आहे. त्यामुळे कोणता शेअर घ्यावा हे लिहून घ्यायला काही जण वही उघडून बसलेले दिसतात. त्यांना आधीच सांगून टाकतो, आज एकही टिप मिळणार नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, गुंतवणूक सल्लागार नाही आणि वकीलही नाही. कायदा मी वाचतो तो एखाद्या सिस्टीमचे नियम वाचावेत तसा. कोणाला आत येऊ देतात, कोणाला अडवतात, आणि हे नियम मधल्या काळात केव्हा बदलले, एवढेच मी पाहतो. तसे वाचल्यावर जे दिसले ते तुमच्यासमोर ठेवतो.

मार्च २०२० मध्ये आपल्या देशात साधारण ४ कोटी डिमॅट खाती होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती १० कोटींच्या पुढे गेली. टाळेबंदीत घरी बसलेल्या तरुणांनी मोबाइलवर खाती उघडली. त्यात वडाळ्याची, जुन्या नाशिकची, सातपूरची, मालेगावची आपली मुलेमुलीही आहेत. आपल्या घरांमध्ये एक काळ असा होता की शेअर बाजार म्हटले की मोठी माणसे 'सट्टा' म्हणून विषय संपवायची. नंतरची पिढी विचारू लागली, 'हा शेअर हलाल आहे का?' शरियतनुसार निवडलेल्या कंपन्यांचे निर्देशांक निघाले, मोबाइलवर तपासणारी अॅप आली. हे पाऊल चांगलेच आहे. पण त्यापुढचा प्रश्न अजून कोणी फारसा विचारत नाही. शेअर घेतल्यानंतर त्या कंपनीत माझा हक्क काय? आणि तो हक्क कोणी कमी करत असेल तर मला कळते का?

हिस्सेदार म्हणजे कोण

आपल्या बोलीत शेअरला फार चांगला शब्द आहे, हिस्सा. शेअर घेणारा हिस्सेदार. ही शिरकत आहे, भागीदारी आहे. भद्रकालीत दोन मित्रांनी पैसे घालून दुकान टाकले, तर ज्याने कमी पैसे घातले तोही हिशेब मागतो. त्याला न विचारता दुकान विकता येत नाही, मोठ्या भागीदाराच्या मेहुण्याकडून चढ्या भावाने माल भरता येत नाही. नफ्यात त्याचा वाटा असतो, तसा तोट्यातही असतो. कंपनीचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की भागीदार लाखो आहेत आणि एकमेकांना ओळखत नाहीत.

कायद्याने या हिस्सेदाराला काय दिले आहे? वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना किमान २१ दिवस आधी मिळाली पाहिजे. ताळेबंद आणि वार्षिक अहवाल मिळाला पाहिजे. ठरावांवर मत देता आले पाहिजे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला ऑनलाइन मतदानाची सोय द्यावीच लागते. हे मतदान किमान ३ दिवस चालते आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होते. साध्या ठरावाला निम्म्याहून जास्त मते लागतात. विशेष ठराव मंजूर व्हायचा तर बाजूची मते विरोधी मतांच्या किमान तिप्पट हवीत.

जुलै ते सप्टेंबरच्या काळात तुमच्या मेलबॉक्समध्ये असे मेल येतात. आपण ते जाहिरातीचे समजून पुसून टाकतो. मी दरवर्षी माझ्या थोड्याशा शेअरवर मते देतो, एका कंपनीला पाच-सात मिनिटे लागतात. हे मत म्हणजे तुमच्या मालकीचा पुरावा आहे. भाव वर-खाली होतो तो बाजाराच्या हातात असतो, मत तुमच्या हातात असते.

कोविडनंतर बहुतेक सभा व्हिडिओवर होऊ लागल्या. याचा फायदा खरा आहे. पूर्वी मुंबईच्या सभेला जायचे म्हणजे एक दिवसाची रजा आणि पंचवटी एक्सप्रेसचे तिकीट. आता इथे बसून सभा पाहता येते. पण बोलायचे असेल तर आधी वक्ता म्हणून नाव नोंदवावे लागते, किती वेळ बोलायचे ते ठरवून मिळते, आणि माइक चालू-बंद करायचे बटण कंपनीकडे असते. सभागृहात एक म्हातारा भागधारक उठून उभा राहिला की अध्यक्षाला त्याच्याकडे पाहावे लागायचे. पडद्यावर ती अडचण उरलेली नाही. सोय वाढली, पण समोरासमोर जाब विचारण्याची ताकद कमी झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

डोकी मोजायची की पैसा

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील कुठल्या ना कुठल्या सहकारी बँकेचे सभासद आहेत, आणि पुष्कळदा त्यांना ते माहीतही नसते. नागरी सहकारी बँकेतून कर्ज घेतले की अनेकदा कर्जाच्या प्रमाणात तिचे शेअर घ्यावे लागतात. तारण असेल तर साधारण अडीच टक्के, तारण नसेल तर ५ टक्के. मालेगावच्या एखाद्या यंत्रमागवाल्याने १० लाखांचे तारणी कर्ज घेतले तर २५ हजार रुपये शेअरमध्ये जातात. तो त्या बँकेचा मालक होतो. आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम २७ नुसार त्याला एक मत मिळते. त्याच्याकडे २५ हजारांचे शेअर असोत की अडीच लाखांचे, मत एकच. सहकारात डोकी मोजतात.

२०२० मध्ये बँकिंग नियमन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानंतर सहकारी बँकेचे शेअर परत करून पैसे मागण्याचा हक्क सभासदाकडे राहिला नाही. रिझर्व्ह बँक परवानगी देईल तेवढेच आणि त्या अटींवर पैसे परत मिळतात. बुडणाऱ्या बँकेतून भांडवल पळू नये हा त्यामागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण ज्याने कर्जासाठी सक्तीने शेअर घेतले, त्याचे पैसे अडकणार हे त्याला सही करताना कोणी सांगते का, हा प्रश्न उरतोच.

कंपनीत मात्र शेअर तितकी मते. तिथे पैसा मोजतात. त्यामुळे ज्याच्याकडे निम्म्याहून जास्त शेअर, तो साधा ठराव नेहमीच जिंकणार. कंपनी कायदा उरलेल्यांना एक नाव देतो, अल्पसंख्य भागधारक. हा शब्द ऐकून तुम्ही हसलात, मीही पहिल्यांदा वाचला तेव्हा हसलो होतो. पण त्यामागचा विचार गंभीर आहे. बहुमत मिळाले म्हणून बहुमतवाल्याने काहीही करावे, असे कंपनी कायदाही म्हणत नाही. अल्पसंख्याकांवर दडपशाही झाली तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, म्हणजे एनसीएलटीकडे जाता येते. त्यासाठी १०० सभासद किंवा एकूण सभासदांचा दहावा भाग, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरे. किंवा मग १० टक्के भांडवल हवे.

इथे दोन दारे आहेत. एक डोक्यांचे, एक पैशांचे. ही दोन दारे लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट या दारांचीच आहे.

उघडता न येणारे दार

१९९० च्या दशकात टाटा ऑइल मिल्स ही मुंबईची कंपनी हिंदुस्तान लिव्हरमध्ये विलीन करायचे ठरले. कामगार संघटनेने हरकत घेतली, काही भागधारकांनी घेतली, ग्राहक गटांनीही घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९९४ मध्ये हरकती फेटाळल्या गेल्या. पण तुमच्याकडे किती टक्के शेअर आहेत, हे विचारून कोणाला दारातून परत पाठवले नाही. म्हणणे ऐकले, तपासले, मग नाकारले. तेव्हाचा कायदा १९५६ चा होता. त्यात हरकत घ्यायला टक्केवारीची अट नव्हती.

२०१३ च्या कंपनी कायद्यात कलम २३० आले. त्याचे चौथे पोटकलम सांगते की विलीनीकरणासारख्या योजनेला हरकत घ्यायची तर किमान १० टक्के भागभांडवल हवे, किंवा एकूण थकीत कर्जाच्या किमान ५ टक्के कर्ज दिलेले हवे. इथे डोक्यांचे दार ठेवलेच नाही, फक्त पैशांचे ठेवले.

याचा अर्थ काय होतो ते आपल्या मुंबईतल्याच एका प्रकरणात दिसले. आयसीआयसीआय सिक्युरिटीज ही दलाली कंपनी २०१८ मध्ये शेअर बाजारात आली. तिचे जवळपास ७५ टक्के शेअर आयसीआयसीआय बँकेकडे होते. २०२३ मध्ये बँकेने ठरवले की ही कंपनी बाजारातून काढून पूर्ण आपल्या मालकीची करायची. सिक्युरिटीजच्या १०० शेअरमागे बँकेचे ६७ शेअर मिळणार होते. हा मोबदला कमी आहे असे अनेक लहान भागधारकांचे म्हणणे होते. मार्च २०२४ मध्ये मतदान झाले. अशा योजनेत बाहेरच्या भागधारकांची बाजूची मते विरोधी मतांच्या किमान दुप्पट हवीत, असा सेबीचा नियम आहे. बाहेरच्या मतांपैकी सुमारे ७२ टक्के बाजूने पडली. मोठ्या संस्थांची मते बहुतांश बाजूने, तर किरकोळ गुंतवणूकदारांची बहुतांश विरोधात होती. मतदानाच्या काळात बँकेच्या कर्मचाऱ्यांनी भागधारकांशी संपर्क साधल्याच्या तक्रारी झाल्या, आणि जून २०२४ मध्ये सेबीने बँकेला प्रशासकीय इशारा दिला. काही भागधारक एनसीएलटीत गेले. ऑगस्ट २०२४ मध्ये योजना मंजूर झाली, मार्च २०२५ मध्ये अपील फेटाळले गेले आणि त्याच महिन्यात शेअर बाजारातून निघाला. हरकत घेणाऱ्यांच्या वाटेत मोठा दगड कोणता होता? त्यांच्याकडे १० टक्के शेअर नव्हते.

आता माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. सोबत हिशेब करा. प्रवर्तकाकडे ७५ टक्के, म्हणजे बाहेर उरले २५ टक्के. योजना मंजूर व्हायची तर विरोधी मते बाहेरच्या मतांच्या एक तृतीयांशाहून जास्त असू शकत नाहीत. २५ चा एक तृतीयांश म्हणजे ८.३३. म्हणजे विरोधात मत देणारा प्रत्येक जण, अगदी शेवटचा माणूसही, एकत्र आला तरी बेरीज १० टक्क्यांपर्यंत पोचत नाही. या प्रकरणात विरोध सुमारे २८ टक्के होता, म्हणजे कंपनीच्या एकूण भांडवलाच्या फार तर ७ टक्के.

आमच्या धंद्यात असा कोड सापडला की आम्ही म्हणतो, ही अट कधीच खरी होऊ शकत नाही, मग ती लिहिली कशाला? हरकतीचा हक्क कागदावर आहे. पण प्रवर्तक ७५ टक्क्यांवर असेल आणि योजना मंजूर झाली असेल, तर मतदानात हरलेले सगळे मिळूनही तो वापरू शकत नाहीत. योजना चांगली होती की वाईट, यावर मी आज बोलत नाही. न्यायाधिकरण हरकत ऐकून 'मोबदला योग्य आहे' असेही म्हणू शकले असते. माझे म्हणणे एवढेच की ऐकून घेण्याआधीच दार बंद होण्याची सोय कायद्याने केली आहे.

आणखी तीन जागा

सत्यमचे प्रकरण तुमच्यातल्या मोठ्यांना आठवेल. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि आमच्या वर्गातल्या अर्ध्या मुलांना सत्यममध्येच नोकरी हवी होती. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमच्या संचालक मंडळाने प्रवर्तकांच्याच कुटुंबाच्या दोन मेटास कंपन्या १.६ अब्ज डॉलरला घ्यायचे ठरवले. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्षांनी हिशेब खोटे असल्याचे कबूल केले. सत्यमचे शेअर अमेरिकेतही नोंदलेले होते. तिथल्या गुंतवणूकदारांनी सामूहिक दावा केला आणि कंपनीकडून १२.५ कोटी डॉलर मिळवले, लेखापरीक्षकांकडून २.५५ कोटी डॉलर वेगळे. भारतातल्या भागधारकांकडे असा कायदाच नव्हता. नुकसान तेच, कंपनी तीच, पण हातात काही नाही.

त्या धड्यातून २०१३ च्या कायद्यात सामूहिक दाव्याचे कलम २४५ आले. ते लागू झाले जून २०१६ मध्ये. किती भागधारक लागतील हा नियम पुरा झाला मे २०१९ मध्ये. कायदा झाल्यापासून दार प्रत्यक्ष वापरता येईपर्यंत सहा वर्षे गेली. आणि बँकिंग कंपन्यांना या कलमातून वगळले आहे. म्हणजे ज्या कंपन्यांत सामान्य माणसाचा पैसा सर्वांत जास्त, तिथेच हे दार नाही.

दुसरी जागा, घरातल्या घरात होणारे व्यवहार. कंपनीने प्रवर्तकाच्या दुसऱ्या कंपनीशी मोठा सौदा केला तर इतर भागधारकांची मंजुरी लागते. भद्रकालीच्या दुकानातला मेहुणा आठवा. २०१३ च्या कायद्यात यासाठी विशेष ठराव होता. बाहेरच्या मतांपैकी पाव भागाहून जास्त मते विरोधात गेली की सौदा अडायचा. मे २०१५ च्या दुरुस्तीने साधा ठराव पुरेसा केला. आता अडवायला निम्मी मते लागतात. कारण सांगितले गेले, व्यवसाय सुलभता.

तिसरी जागा आपल्या चळवळीच्या जवळची आहे. कंपनी राजकीय पक्षाला देणगी देते तेव्हा ती भागधारकांच्या पैशातून देते. कलम १८२ मध्ये दोन कुंपणे होती. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपेक्षा जास्त देणगी नको, आणि कोणत्या पक्षाला किती दिले ते ताळेबंदासोबत जाहीर करा. २०१७ च्या वित्त कायद्याने दोन्ही काढून टाकली. त्याच कायद्याने निवडणूक रोखे आणले. तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकत होती आणि पैसा कोणाकडे गेला हे तिच्या मालकांना, म्हणजे तुम्हाला, कळत नव्हते. ज्या पक्षाला तुम्ही कधी मत दिले नसते, त्याला तुमच्या हिश्श्यातून पैसे जाऊ शकत होते.

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने रोखे योजना एकमताने रद्द केली. कलम १८२ मधली अमर्याद देणगीची मोकळीक समानतेच्या, म्हणजे कलम १४ च्या, विरोधात असल्याचे सांगून तीही रद्द केली. न्यायालयात कोण गेले होते? उद्योगपती नव्हते. निवडणूक सुधारणेसाठी काम करणारी असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स, कॉमन कॉज ही संस्था आणि एक राजकीय पक्ष. नागरिक म्हणून लढल्यावर भागधारकाचा हक्कही परत आला. म्हणूनच शेअर बाजाराचा विषय या शिबिरात बेसूर वाटायचे कारण नाही.

दुसरी बाजू

विरोधी बाजूचा युक्तिवाद मी टाळणार नाही, कारण त्यात तथ्य आहे. लाखो भागधारकांच्या कंपनीत एक शेअर घेऊन कोणीही कोर्टात उभा राहिला तर कामे ठप्प होतील. केवळ तडजोडीचे पैसे उकळण्यासाठी हरकती घेणारे लोक असतात. कारखाना उभा राहायला उशीर झाला तर नोकऱ्यांनाही उशीर होतो. सातपूर-अंबडच्या वसाहतीत राहणाऱ्याला हे सांगायला नको.

पण त्रास देणाऱ्यावर उपाय आहे, आणि तो कायद्यातच आहे. सामूहिक दाव्याचा अर्ज खोडसाळ निघाला तर अर्जदारावर १ लाख रुपयांपर्यंत खर्च लादता येतो. खोटी तक्रार करणाऱ्याला दंड करा. खरी तक्रार असणाऱ्याला दारातच अडवू नका.

आणखी एक म्हणणे असते, 'शेअर घेतला, जोखीम घेतली, आता रडता कशाला?' हेही अर्धे बरोबर आहे. मुंबईची डीएचएफएल दिवाळखोरीत गेली आणि जून २०२१ मध्ये तिचे शेअर शून्य किमतीला बाजारातून निघाले. दिवाळखोरीच्या रांगेत भागधारक शेवटी उभा असतो. भागीदाराने तोटा सोसावा, हे आपल्या शिरकतीच्या कल्पनेतही आहे. तक्रार तोट्याची नाही. प्रक्रिया चालू असताना शेअरची खरेदी-विक्री होत राहते आणि स्वस्त दिसतो म्हणून नवा पोरगा तो घेत राहतो, ही तक्रार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये सेबीनेच चर्चेसाठी एक प्रस्ताव मांडला होता. कंपनी घेणाऱ्याला जो भाव, त्याच भावाने जुन्या सामान्य भागधारकांनाही नव्या कंपनीत हिस्सा घेण्याची संधी द्यावी, असा तो होता. तोटा सोसा, पण पुढच्या भागीदारीतून हाकलू नका, इतकीच माफक गोष्ट.

आपला प्रश्न का

आपल्या समाजाने 'भागीदार' या शब्दाची किंमत मोजलेली आहे. २०१९ मध्ये बंगळुरूची आयएमए कोसळली. हलाल कमाईच्या नावाखाली पैसे घेतले होते. हजारो कुटुंबे फसली, बहुतेक मुस्लिम. कोणाचे मेहेर, कोणाच्या मुलीच्या लग्नाचे पैसे. त्या लोकांना ठेवीदार म्हणत नव्हते, भागीदार म्हणत होते. पण त्यांच्यातल्या कोणाकडे हिशेब मागायची सोय नव्हती, मत नव्हते, सभा नव्हती. हक्काशिवाय भागीदार म्हणवून घेणे किती महागात पडते, ते तिथे दिसले. मग जिथे कायदा खरोखर हक्क देतो, तिथे आपण मेल न वाचता पुसून टाकायचा, हे पटते का?

हलालची चाळणी सांगते की कंपनी कशातून कमावते आणि तिच्यावर कर्ज किती. ती हे सांगत नाही की कंपनी लहान भागीदाराशी नीट वागते का. तो प्रश्न आपल्याला स्वतः विचारावा लागतो. इन्साफ हाही व्यवहाराचा भाग आहे.

मैत्रिणींसाठी एक वेगळी गोष्ट. अनेक घरांत डिमॅट खाते बायकोच्या किंवा आईच्या नावावर असते आणि मोबाइल पुरुषाच्या हातात. खाते तुमचे, तर मतही तुम्हीच द्या. आणि वडिलांच्या शेअरवर भावाचे नाव नॉमिनी म्हणून असेल तर तो मालक होत नाही. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की नॉमिनी मालक ठरत नाही, वारसा वारसाहक्काच्या कायद्यानेच ठरतो. बहिणीचा हिस्सा नॉमिनीच्या कागदाने बुडत नाही.

आता काय करायचे

पहिले, डिमॅट खात्यातला मेल आणि मोबाइल नंबर बरोबर आहे का ते आजच बघा. सूचना तिथेच येते.

दुसरे, मत द्या. प्रत्येक ठराव वाचणे शक्य नसेल तर तीन प्रकारचे नक्की वाचा: प्रवर्तकाच्या कंपन्यांशी सौदे, संचालकांचे मानधन, आणि विलीनीकरण किंवा बाजारातून काढण्याचे ठराव.

तिसरे, ज्यांचे पैसे एसआयपीतून म्युच्युअल फंडात जातात त्यांचे मत फंड देतो. एप्रिल २०२२ पासून फंडांना सगळ्या ठरावांवर मत देणे आणि ते जाहीर करणे बंधनकारक आहे. तुमच्या फंडाने काय मत दिले ते त्याच्या संकेतस्थळावर पाहा, पटले नाही तर मेल करून विचारा. आयसीआयसीआय सिक्युरिटीजच्या मतदानात निकाल संस्थांच्या मतांनी लागला होता, हे विसरू नका.

चौथे, कंपनीने वाऱ्यावर सोडले तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार करा. फुकट आहे, घरबसल्या होते.

पाचवे, आणि माझ्या मते सर्वांत मोठे काम. नवा कायदा किंवा दुरुस्ती येते तेव्हा मसुदा लोकांसमोर मांडून सूचना मागवण्याचे केंद्र सरकारचे धोरण २०१४ पासून आहे, किमान ३० दिवसांसाठी. सेबीही चर्चेचे कागद जाहीर करते. तिथे मोठ्या कंपन्यांचे वकील वेळेवर लिहितात, आपण लिहीत नाही. पुढच्या वेळी आपण लिहायचे, आणि एकच नेमकी मागणी करायची. कलम २३० च्या चौथ्या पोटकलमात १० टक्क्यांच्या शेजारी डोक्यांचे दारही ठेवा. १०० भागधारक एकत्र आले तर त्यांची हरकत ऐकली गेली पाहिजे. हा आकडा मी मनाने काढलेला नाही. दडपशाहीच्या तक्रारीसाठी आणि सामूहिक दाव्यासाठी संसदेने आणि सरकारने १०० हाच आकडा स्वीकारला आहे. तिथे चालतो, तर इथे का नाही? आणि सामूहिक दाव्यातून बँका वगळण्याचे कारण काय, हेही त्याच पत्रात विचारा.

मित्रहो, कोणत्याही मोठ्या कंपनीचे १० टक्के आपल्यापैकी कोणी आयुष्यात घेऊ शकणार नाही. पण एकाच कंपनीचा एक-एक शेअर असलेले १०० जण शोधणे आपल्याला कठीण नाही. वॉर्डातल्या रस्त्यासाठी, मुलींच्या शाळेसाठी, मतदार यादीतल्या नावांसाठी आपण याहून जास्त लोक जमवले आहेत. पैशांचे दार ज्यांचे आहे त्यांचे राहो. डोक्यांचे दार उघडे ठेवणे आणि त्यातून आत जाणे, हे काम चळवळीतल्या माणसांना येते. ते आपण करू या.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा.